दांड्यासकट बत्तीस

काट्यावर गाडी उभी, ड्रायव्हर चुना मळतोय,
आणि टॅब म्हणतो, जागा नाही.
फोटो निघेना. पावतीचा फोटो नसला
की परवा दिल्लीचा व्यापारी फोनवरच
शंभर किलो खाऊन टाकणार,
ढेकरही न देता.

भुसावळच्या दुकानातला पोरगा म्हणाला होता,
चौसष्टचा घ्या ताई, अठराशेचाच तर फरक.
अठराशेत डिंपलचा चष्मा झाला.
बत्तीसचा घेऊन घरी आले, उघडून बघते तर
त्यातल्या तेरा जागा कुणीतरी आधीच
एसटीत रुमाल टाकावा तशा धरलेल्या.
मला खरं तर राग यायला नको होता.
एकोणीस वर्षं सावद्याच्या काट्यावर काढली,
घड दांड्यासकट तोलतात
आणि पैसे दांडा वजा करून देतात,
हे मला कुणी सांगायचं?

रात्री भाकऱ्या आटोपल्यावर बसले निवडायला.
चारशे बारा पावत्या. त्यात साठेक नुसते माझे अंगठे.
नववीचं विज्ञान, प्रकाशाचं परावर्तन तीन वेळा उतरवलेलं
(डिंपल म्हणते, तिन्ही सर वेगळे आहेत).
गुलाबाच्या फुलांवरचे सुप्रभात, पोतंभर.
नणंदेनं पाठवलेली भरताची कृती, अकरा मिनिटांची,
मला! मी वांगी काट्यांवर भाजत मोठी झाले,
आणि ती बाई गॅसवर जाळी ठेवते.
ती पहिली गेली.

व्यापाऱ्याचा मुलगा म्हणाला होता, ढगात ठेवा की सगळं.
म्हटलं, बाबा, रावेर तालुक्यातल्या बाईला
ढगांचा भरवसा तू शिकवू नको.

मग सगळ्यात जड फाईल वर आली.
सात मिनिटं. मागच्या जूनमधली,
वादळाच्या दुसऱ्या दिवशीची.
पंचनामा झाला, पैसे आले, जेवढे यायचे तेवढे,
आता हिचं काम काय?
लावून बघितली. आडवी बाग, फाटकी पानं,
आणि कुणीतरी मोजतंय,
एकशे अकरा. एकशे बारा. एकशे बारा... नाही, तेरा.
आवाज माझाच. इतका सपाट,
जणू दुसऱ्याच्या शेतात मोजायला गेले होते.
बोट त्या कचऱ्याच्या डब्यावर ठेवलं. उचललं.
पुन्हा ठेवलं.
डिंपल म्हणाली, आई, कापून छोटी करता येते.
कुठून कापू?

सकाळी सायबू तडवीला विचारलं.
त्यानं जन्मभर गाड्या भरल्या,
घडाला घड असा लावतो
की लखनौपर्यंत एक फणी खरचटत नाही.
त्याला टॅबमधलं काही कळत नाही, मला माहीत होतं,
तरी विचारलं, सायबूभाऊ, जागा कमी, माल जास्त, काय करता?
पानाचा थर सारखा करत, मागे न बघता म्हणाला,
ठासून भरली त आतल्या आत वाफलते, ताई.
माल उतरतो तो पिवळा.
थोडी हवा खेळाले पायजे.
ज्याले त्याले वाटते जागा वाया गेली.
मग म्हणाला, अन काही घड नेयाचेच नसता,
बांधावर ठेवून द्यायचे.

त्या दुपारी गुलाब गेले, अंगठे गेले,
दोन सर गेले, डिंपलनं स्वतः निवडून दिले.
सात मिनिटांतली चाळीस सेकंदं ठेवली,
एकशे बारा ते तेरा एवढीच,
जिथं माझी मोजणी चुकते.

तीन जीबी मोकळे झाले.
डिंपलचे डोळे चष्म्यामागे चमकले,
आई, एवढ्यात अख्खी दहावी मावेल!
मावेल. जूनमध्ये बघू.
आत्ता हवा खेळू दे.

बाहेर हॉर्न वाजला. बारा टन, पंजाबची गाडी.
पावती धरली, टॅब उचलला, फोटो काढला.
निघाला. स्वच्छ, अक्षर न् अक्षर,
आणि कोपऱ्यात
माझा अंगठा.